उत्तरेच्या अरण्याला खताची मात्रा: लाभ कोणाला, जोखीम कोणाला

नॉर्वे सरकारने २०१६ पासून जंगलाला खत घालणाऱ्या वनमालकांना अनुदान देण्यास सुरुवात केली, आणि त्याचे अधिकृत कारण लाकडाची टंचाई नसून हवामानबदल हे होते. खतामुळे झाडे लवकर वाढतील, वाढताना हवेतील कार्बन डायऑक्साइड अधिक शोषतील आणि देशाच्या कर्बउत्सर्जनाच्या हिशेबात तेवढी जमेची बाजू वाढेल, असा तो विचार आहे. ही गोष्ट कोल्हापुरात कोणालाही सांगितली की ऐकणारा आधी हसतो. खत घालायचे ते उसाला, भाताला, फार तर आंब्याच्या कलमांना. करवीर तालुक्यात आमच्या शेताला लागून ज्यांचा मळा आहे ते तात्या तर म्हणाले, ‘‘बाई, जंगलाला कुणी युरिया घालतंय व्हय? मग दाजीपुरात तेवढा टाकायचा ऱ्हायलाय बघा!’’ तात्यांच्या या टोल्याला उत्तर आहे आणि ते पुढे येईलच. पण त्याआधी उत्तरेकडच्या लोकांना हे करावेसे का वाटले, हे नीट समजून घेतले पाहिजे, कारण त्यामागचे शास्त्र हसण्यावारी नेण्यासारखे नाही.

दाजीपूरच्या जंगलात पडलेला पाचोळा एक-दोन पावसाळ्यांत कुजून मातीला मिळतो. ऊब आहे, मुबलक ओल आहे, वाळवी आहे, गांडुळे आहेत, आणि जे कुजते त्यातले अन्नद्रव्य मुळे लगोलग उचलून घेतात. स्वीडन, फिनलंड आणि नॉर्वेच्या उत्तर भागांत यातले काहीच या गतीने होत नाही. तेथे वर्षाचे सरासरी तापमान शून्याच्या थोडेसे वर असते, जवळजवळ सहा महिने जमिनीवर बर्फ असतो, आणि पाइन व स्प्रूस या सूचिपर्णी झाडांच्या सुयांसारख्या पानांत राळ व लिग्निन (लाकडाला कडकपणा देणारा चिवट पदार्थ) भरपूर असल्याने ती कुजायला आधीच नाखूश असतात. परिणामी वर्षानुवर्षांचा अर्धवट कुजलेला थर जमिनीवर साचून राहतो. त्या थरात नत्र नसतो असे नाही. हेक्टरी शेकडो किलो, खालच्या मातीसह पाहिले तर काही ठिकाणी हजारो किलो नत्र तेथे पडून असतो, पण तो सेंद्रिय पदार्थात जखडलेला असतो आणि झाडाला वर्षाकाठी त्यातला अगदी थोडा वाटा मिळतो. आपल्या माती परीक्षणाच्या अहवालात ‘उपलब्ध नत्र’ असा जो रकाना असतो, त्यातला ‘उपलब्ध’ हा भाग उत्तरेकडच्या अरण्यात कायम रोडावलेला असतो. पाणी, प्रकाश, स्फुरद, पालाश हे सारे असूनही झाडाची वाढ अडते ती नत्रापाशी. म्हणूनच तेथे थोडासा नत्र बाहेरून दिला की वाढीचा वेग डोळ्यांत भरण्याइतका बदलतो.

या अडचणीवर झाडांनी स्वतः काढलेला तोडगा म्हणजे बुरशीशी केलेली भागीदारी. ज्या मायकोरायझाची पाकिटे आज आपल्या कृषी सेवा केंद्रांत मिळतात, त्याच प्रकारातली पण वेगळ्या गटातली बुरशी तेथील प्रत्येक पाइनच्या बारीक मुळांना गवसणी घालून बसलेली असते. ती झाडाकडून साखर घेते आणि कुजट थरातून खणून काढलेला नत्र व स्फुरद झाडाला देते. या व्यवहाराची व्याप्ती किती मोठी आहे, हे उत्तर स्वीडनमधील एका प्रयोगातून दिसले. पेटर हेगबेरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाइनच्या खोडांची साल गोलाकार पट्टीने काढून टाकली. तासगावकडचे द्राक्ष बागायतदार ज्याला गर्डलिंग म्हणतात तेच हे काम, फक्त बागेतली पट्टी अगदी अरुंद ठेवतात आणि ती पुन्हा भरून येते, तर येथे सालीचा मार्ग पूर्ण तोडला होता. पानांत तयार झालेली साखर मुळांकडे जाणे थांबले, आणि एक-दोन महिन्यांत जमिनीतून बाहेर पडणारा कार्बन डायऑक्साइड जवळपास निम्म्याने घटला. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या निष्कर्षाचा अर्थ असा, की जमिनीचा जो ‘श्वास’ आपण कुजण्याचा समजत होतो त्याचा मोठा भाग झाडाने नुकत्याच बनवलेल्या साखरेवर जगणाऱ्या मुळांचा आणि बुरशीचा होता. खताचा विचार करताना हा प्रयोग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण नत्र आयता मिळू लागल्यावर झाड सर्वांत आधी याच बुरशीचा पगार कापते.

आता प्रत्यक्ष पद्धत. स्वीडनमध्ये १९६० च्या दशकापासून मोठ्या प्रमाणावर जंगलाला खत दिले जाते. सुरुवातीला युरिया वापरला गेला; पुढे चुनखडी-डोलोमाइट मिसळलेले अमोनियम नायट्रेट अधिक गुणकारी ठरले आणि तेच रूढ झाले. एका वेळची मात्रा हेक्टरी १५० किलो नत्राची, म्हणजे त्या खताचे सुमारे साडेपाचशे किलो दाणे. हेलिकॉप्टरखाली टांगलेल्या मोठ्या नरसाळ्यातून किंवा जंगलात चालणाऱ्या ट्रॅक्टरवरून ते फेकले जातात. बहुतेक वेळा ही मात्रा अंतिम तोडणीच्या साधारण दहा वर्षे आधी देतात, कारण घातलेला पैसा जितक्या लवकर लाकडाच्या रूपाने परत येईल तितके बरे. कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात अजूनही युरियाच चालतो, हेक्टरी सुमारे ४३५ किलो, म्हणजे २०० किलो नत्र.

हे आकडे आपल्याकडील शेतकऱ्याने आपल्या मापाने मोजून पाहावेत. १५० किलो नत्र म्हणजे आपल्या ४५ किलोच्या युरियाच्या पोत्यांच्या हिशेबाने एकरी सुमारे तीन पोती, आणि तीही दहाएक वर्षांतून एकदा. ८० ते १०० वर्षांच्या आयुष्यात जंगलाच्या एका तुकड्याला ही मात्रा एकदा, दोनदा, फार तर तीनदा मिळते. याउलट आडसाली उसासाठी कृषी विद्यापीठाची शिफारसच हेक्टरी ४०० किलो नत्राची आहे, आणि ते पीक दीड वर्षाच्या आत कारखान्यात जाते. मोठ्या भरणीच्या एका हप्त्यालाच त्यातले १६० किलो पडतात. तेव्हा ‘जंगलात रासायनिक खत’ हे शब्द ऐकून दचकण्यापूर्वी मात्रा लक्षात घ्यावी. पंचगंगेच्या खोऱ्यात राहून स्वीडनच्या हेलिकॉप्टरकडे बोट दाखवणे आपल्याला फारसे शोभणारे नाही.

लाभ मोजायला सोपा आहे. १५० किलोच्या एका मात्रेने पुढील दहा वर्षांत हेक्टरी साधारण १० ते २० घनमीटर जादा लाकूड मिळते. मध्यममान १५ धरू. पाइनच्या एका घनमीटर लाकडात सुमारे २०० किलो कार्बन असतो, म्हणजे हवेतून ओढलेला जवळपास पाऊण टन कार्बन डायऑक्साइड. पंधरा घनमीटरचे झाले ११ टन, आणि फांद्या व मुळे धरली तर आणखी थोडे. खर्चाच्या बाजूला खताचे उत्पादन येते, कारण अमोनिया नैसर्गिक वायूपासून बनतो आणि नायट्रेट बनवताना नायट्रस ऑक्साइड निसटतो. कारखान्यात तो अडवणारी यंत्रणा आहे की नाही यावर हा आकडा बराच हलतो. जंगलात पडल्यावर नत्राचा काही अंश पुन्हा नायट्रस ऑक्साइड होऊन उडतो. हा वायू वजनास वजन कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७३ पट तापदायक असल्याने तो थोडका असला तरी दुर्लक्षिता येत नाही. आंतरराष्ट्रीय हिशेबातला ढोबळ १ टक्क्याचा दर लावला तर १५० किलो नत्रामागे पाऊण टनाहून थोडे कमी एवढे तापमूल्य निघते, आणि उत्तरेकडच्या थंड, आम्लधर्मी जमिनीत प्रत्यक्ष उत्सर्जन बहुधा याहूनही कमी असते. सगळे मिळून खर्च एक-दोन टन, जमा अकरा टन. शिवाय नत्रामुळे लिग्निन फोडणाऱ्या बुरशीचे काम मंदावते आणि जमिनीतही कार्बन अधिक साठतो; उत्तर युरोपातील दीर्घकालीन प्रयोगांत हे दिसून आले आहे. कागदावर हा सौदा उघड फायद्याचा आहे, आणि तो नाकारण्याचे कारण मला दिसत नाही.

पण जमेच्या या अकरा टनांचे पुढे काय होते, हा प्रश्न हिशेब मांडणारे पुष्कळदा शेवटच्या ओळीत उरकतात. तोडणीच्या दहा वर्षे आधी खत घातलेले झाड दहा वर्षांनी तुटतेच. त्याच्या जाड बुंध्याचे घराचे वासे, तुळया झाल्या तर तो कार्बन पन्नास-शंभर वर्षे बांधला जातो, आणि त्या तुळईने सिमेंट किंवा पोलाद वाचवले असेल तर आणखी फायदा. त्याच झाडाचा लगदा होऊन खोके झाले, तर तो काही वर्षांत परत हवेत. स्वीडन आणि फिनलंड या दोन्ही देशांत लाकडाचा मोठा भाग लगदा-कागदाकडे आणि कारखान्यांच्या भट्ट्यांकडे जातो. खताच्या अनुदानाला ‘हवामान उपाय’ म्हणायचे असेल तर त्या लाकडाचा शेवट कुठे होतो हे अनुदानाच्या अटींत यायला हवे.

जोखमींपैकी पहिली पाण्याची, आणि ती आपल्याला समजावून सांगावी लागत नाही. उन्हाळ्यात पंचगंगेवर पसरणारी जलपर्णी नुसत्या खतामुळे वाढत नाही, सांडपाण्याचा वाटा मोठा आहे. तरीही पाण्यात नत्र-स्फुरद आले की काय होते याचा तो रोज दिसणारा पुरावा आहे. उत्तरेकडच्या अरण्यात नत्राची भूक इतकी असते की घातलेल्या मात्रेपैकी निचऱ्यातून वाहून जाणारा भाग सामान्यतः थोडाच असतो, आणि त्यातलाही बराचसा थेट ओढ्यात किंवा चरात पडलेल्या दाण्यांचा असतो. म्हणून ओढे, तळी, पाणथळ जागा यांच्या कडेने खताविना पट्टा राखण्याचा नियम आहे, आणि उपग्रहाच्या आधाराने उडणाऱ्या हेलिकॉप्टरला तो पाळणे पूर्वीपेक्षा सोपे झाले आहे. खरा धोका तोडणीनंतरचा आहे. झाडे गेली की नत्र उचलणारे कोणी उरत नाही, ऊन जमिनीपर्यंत पोहोचते, साठलेले कुजू लागते, आणि खत घातलेल्या जमिनीतून नायट्रेट तुलनेने अधिक झिरपू शकते. बाल्टिक समुद्र आधीच शेतीच्या खताने गुदमरलेला आहे. जंगलाचा वाटा शेतीच्या मानाने लहान असला तरी भरलेल्या भांड्यात तो पडतो.

दुसरी जोखीम जमिनीखालची. कार्ल ओलोफ ताम या स्वीडिश वनशास्त्रज्ञाने १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून स्ट्रोसान, नोर्लिडेन अशा ठिकाणी प्रयोग मांडले, ज्यांत जंगलाच्या तुकड्यांना वर्षानुवर्षे वेगवेगळ्या मात्रांत नत्र दिला गेला. एखादा प्रयोग मांडणाऱ्याच्या हयातीपलीकडे चालू ठेवण्याची ही चिकाटी मला फार मोलाची वाटते. आपल्याकडे तीन वर्षांच्या प्रकल्पाचा अहवाल गेला की वाफे नांगरले जातात. १९७१ मध्ये सुरू झालेल्या नोर्लिडेनच्या प्रयोगाने जे दाखवले ते असे: दरवर्षी थोडी मात्रा मिळालेली झाडे दीर्घकाळ जोमाने वाढत राहिली, पण सर्वांत जास्त मात्रा मिळालेल्या झाडांचा सुरुवातीचा जोर पुढे टिकला नाही, जमीन आम्ल झाली आणि कॅल्शियम, मॅग्नेशियमसारखी द्रव्ये तिच्यातून निघून गेली. मुळांवरची बुरशी मोठ्या मात्रेखाली ओसरली. सर्वांत मोठी मात्रा १९९० मध्ये बंद केल्यानंतर दीड-दोन दशकांत ती पुन्हा परतू लागली. म्हणजे नुकसान कायमचे नव्हते, पण ते भरून यायला जवळजवळ एक पिढी गेली.

याच्या उलट उत्तर स्वीडनमधल्याच फ्लाकालिडेनचा प्रयोग. तेथे १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून स्प्रूसच्या कोवळ्या जंगलाला पानांतील अन्नद्रव्ये तपासून, त्यानुसार बेतून, नत्रासोबत इतर सर्व द्रव्ये थोडी-थोडी दिली गेली. वाढ जवळपास चौपट झाली. ठिबकातून विद्राव्य खत देणाऱ्या आपल्याकडील शेतकऱ्याला यात नवल वाटणार नाही. हे दोन प्रयोग शेजारी ठेवून पाहिले की एक गोष्ट लक्षात येते: नुकसान नत्राने होते त्यापेक्षा एकट्या नत्राने अधिक होते. निव्वळ नत्राच्या जोरावर वाढलेल्या झाडांत बोरॉनची कमतरता येऊन शेंडे मरतात, म्हणून स्वीडनमधल्या वनखतात बोरॉन मिसळावे लागते. फिनलंडमध्ये पाणी काढून लाकडाखाली आणलेल्या दलदली जमिनींत तर नत्र पुरेसा असतो आणि उणीव असते ती स्फुरद व पालाशची. तेथे वीजकेंद्रांतली लाकडाची राख पसरतात आणि तिचा परिणाम काही दशके टिकतो. गगनबावडा, शाहूवाडीकडे भाताच्या तरव्यासाठी राब भाजतात, त्या राखेचे काम अशाच जातीचे आहे. मला विचाराल तर या सगळ्या उपायांत राखेचा उपाय सर्वांत निर्धोक वाटतो, कारण जंगलातून नेलेले द्रव्य जंगलालाच परत मिळते. मात्र राखेतले जड धातू तपासावे लागतात आणि ती घट्ट गोळ्या करूनच टाकावी लागते, नाही तर भुकटी राखेच्या तीव्र अल्कलीने खालचे शेवाळ करपते.

तिसरी जोखीम जमिनीवरची, आणि इथे मला थोडे थांबावेसे वाटते. उत्तरेकडच्या जंगलाचा तळ म्हणजे बिलबेरी आणि लिंगनबेरीची बुटकी झुडपे, शेवाळ आणि शैवाक. या साऱ्यांना कमी नत्रावर जगण्याची सवय आहे. नत्र वाढला की गवत वाढते. ते नुसत्या स्पर्धेने वाढते असेही नाही: स्वीडनमधल्या निरीक्षणांत असे दिसले की नत्रामुळे बिलबेरीची पाने एका पर्णरोगाच्या बुरशीला अधिक बळी पडतात, भर उन्हाळ्यात पाने झडतात, झुडपांत खिडक्या पडतात, आणि त्या उजेडात गवत शिरते. जादा नत्रावर लुसलुशीत झालेल्या उसावर मावा आणि कीड अधिक येते, हे आपल्याकडे बांधावरचा गडीही सांगेल; जंगलात तोच प्रकार एका वेगळ्या झुडपावर घडतो. खत थांबवल्यानंतरही तळाच्या वनस्पतींत हा फरक काही ठिकाणी अनेक दशकांनी ओळखता आला आहे.

शैवाक म्हटल्यावर वाचकाला परके वाटेल, पण ते प्रत्येक कोल्हापुरी स्वयंपाकघरात आहे. कांदा-लसूण मसाल्यासाठी वाण्याकडून आणलेल्या पुडीत एका बाजूने काळसर करडे, दुसऱ्या बाजूने काळे, कडा कुरतडल्यासारखे दिसणारे जे कागदी तुकडे असतात, ते दगडफूल म्हणजे शैवाकच. बुरशी आणि शैवल यांचे मिळून बनलेले ते शरीर. मुळे नाहीत, हवेतून आणि पावसातून जे येईल त्यावर गुजराण. हातात घेतला तर वजन जाणवत नाही, चिमटीत चुरगळतो, आणि तेलात पडला की मगच त्याचा वास खुलतो. वर्षाला काही मिलिमीटर वाढणारा हा जीव. उत्तरेकडे कोरड्या पाइन जंगलाच्या तळाशी त्याचेच दूरचे भाऊबंद फिकट, फांद्याफांद्यांच्या गाद्या करून वाढतात, आणि हिवाळ्यात बर्फ उकरून रेनडिअर जे खातात ते मुख्यतः हेच. वरून खताचे दाणे पडले की या जीवाला पळायला जागा नसते: नत्राचा थेट माराही त्याला सोसत नाही, आणि वाढलेल्या झाडांची दाट सावली व गवत त्याला हळूहळू गाडून टाकतात.

रेनडिअर पाळणारे सामी लोक स्वीडन, नॉर्वे, फिनलंड आणि रशियाच्या कोला द्वीपकल्पात पिढ्यान्‌पिढ्या राहत आले आहेत. स्वीडनमध्ये शैवाकाने समृद्ध असलेल्या जंगलांचे क्षेत्र गेल्या सुमारे साठ वर्षांत ७१ टक्क्यांनी घटल्याचे २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले. याचा सारा दोष खताला देता येणार नाही. दाट लागवड, जमिनीची उलथापालथ, जुने विरळ जंगल तोडून एकसारखे नवे जंगल वाढवणे ही मोठी कारणे आहेत. परंतु आधीच एवढे गमावलेल्या माणसाला ‘आमच्या खताचा वाटा त्यात लहान आहे’ असे सांगणे हा काही न्याय नव्हे. शैवाकाच्या जमिनींवर खत टाळावे, सामी गावांशी आधी बोलावे, असे संकेत तेथे आहेत. अडचण अशी की खताचा सर्वाधिक फायदा मध्यम प्रतीच्या पाइन जमिनींत होतो आणि त्यांची सीमा शैवाकाच्या जमिनींना लागून असते. नकाशावर रेघ ओढणारा लाकडाच्या कंपनीचा असतो, आणि रेघेपलीकडे हिवाळा काढणारा कळप दुसऱ्याचा.

या साऱ्या प्रकरणात मला जे म्हणायचे आहे ते हेच. लाभ घनमीटरमध्ये मोजता येतो, टनांत मोजता येतो, दहा वर्षांत हाती येतो, आणि तो ज्याने खत घातले त्याच्या पदरात पडतो. तोटा बुरशीच्या, गवताच्या, झऱ्याच्या आणि चाऱ्याच्या रूपाने येतो, उशिरा येतो, आणि बहुधा दुसऱ्याच्या दारात येतो. जोवर खताची पूर्ण किंमत वनमालक स्वतः मोजत होता तोवर ही विषमता थोडी आटोक्यात होती, कारण पैसा वाया जाऊ नये म्हणून तो हात राखून खत घालत असे. स्वीडनचा इतिहासच पाहा: १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात वर्षाला दोन लाख हेक्टरच्या आसपास जंगलाला खत पडत होते, आम्लपावसाची आणि पर्यावरणाची चर्चा वाढली, लाकडाचे अर्थकारण बिघडले, आणि या शतकाच्या सुरुवातीला ते क्षेत्र २० हजार हेक्टरच्या घरात आले, २०१० च्या सुमारास भाव सुधारल्यावर पुन्हा ८० हजारांपर्यंत चढले. २०२२ मध्ये युक्रेन युद्धानंतर खताचे भाव भडकले तेव्हा तर हेलिकॉप्टर उडवण्याआधी दहादा विचार करावा लागला. किंमत हा एक लगाम होता.

अनुदान आले की हा लगाम सैल होतो, आणि सैल लगामाचे काय होते हे पाहायला कोल्हापुराहून चांगली जागा नाही. युरियाचे पोते आपल्याला २६६ रुपये ५० पैशांना मिळते; त्याची खरी किंमत याच्या कितीतरी पट आहे आणि फरक सरकार भरते. हेतू चांगलाच होता. पण स्फुरद आणि पालाश तुलनेने महाग, युरिया स्वस्त, म्हणून शिफारशीतले प्रमाण बाजूला राहून ‘एक पोते जादा टाका’ हा रिवाज झाला. मग सेंद्रिय कर्ब घसरला म्हणून ओरड, मग कडुनिंबाचा लेप दिलेला युरिया, मग ५० किलोचे पोते ४५ किलोचे. शिरोळ तालुक्यातल्या क्षारपड जमिनींमागे अतिपाण्याचा हात मोठा आहे, पण त्या जमिनींवर उभे राहून ‘थोडे जास्त घातले तर बिघडले काय’ हे वाक्य पुन्हा उच्चारवत नाही. नॉर्वेचा वनमालक आमच्यासारखा वागेल असे मी म्हणत नाही. त्याच्यावर अटी आहेत, मात्रा ठरलेली आहे, क्षेत्र तपासले जाते. पण हवामानाच्या नावाखाली दर हेक्टरी रक्कम मिळू लागली की हेक्टर वाढवण्याची ओढ निर्माण होते, आणि मग १५० किलो दहा वर्षांतून एकदा हा नियम ‘पाच वर्षांतून एकदा का नको’ या प्रश्नापुढे किती दिवस टिकेल, ही शंका रास्त आहे.

खताच्या बाजूने बोलणाऱ्यांचा एक मुद्दा मात्र गंभीरपणे घेतला पाहिजे. थोड्या जंगलातून अधिक लाकूड निघाले तर बाकीचे जुने जंगल हात न लावता राखता येईल, असे ते म्हणतात. तत्त्वतः हे पटण्यासारखे आहे. पण जादा लाकूड निघाले म्हणून कोणती तरी तोडणी रद्द झाली, असे बांधून देणारी तरतूद त्यासोबत असेल तरच. नसेल तर कारखाना मोठा होतो आणि जुने जंगल यादीत पुढच्या क्रमांकावर येते. साखर कारखान्यांची गाळपक्षमता वाढल्यावर उसाचे क्षेत्र कमी झाले असे आपण कधी पाहिले आहे का?

आता तात्यांचे दाजीपूर. तेथे खत घालण्याचा प्रश्नच उद्भवत नाही, आणि ते अभयारण्य आहे एवढ्यानेच नाही. सह्याद्रीच्या जांभ्या, जुन्या, पावसाने धुतलेल्या जमिनींत सामान्यतः नत्रापेक्षा स्फुरदाची ओढाताण अधिक असते. पाचोळा लवकर कुजत असल्याने नत्राचे चक्र तेथे वेगाने फिरते. आणि जून ते सप्टेंबरमध्ये तेथे जो पाऊस कोसळतो तो घातलेले नायट्रेट झाडाच्या मुळाशी थांबू न देता भोगावतीत आणि पुढे पंचगंगेत आणून सोडेल, म्हणजे आपल्याच पिण्याच्या पाण्यात. उत्तरेकडे जे औषध एका विशिष्ट रोगावर लागू पडते तो रोगच इथे नाही. तात्यांना हे सांगितले तेव्हा ते म्हणाले, ‘‘म्हणजे भूक असंल त्यालाच वाढायचं.’’ उत्तरेकडेही नेमके हेच लागू आहे: स्वीडनच्या दक्षिण भागात वाहने, शेती आणि युरोपातील उद्योगांमुळे हवेतूनच इतका नत्र पडत आला आहे की तेथे खतावर कडक मर्यादा आहेत, तर उत्तर भागात हवेतून वर्षाला हेक्टरी एक-तीन किलोच नत्र येतो.

माझ्या मते नॉर्वे, स्वीडन किंवा फिनलंडने हे काम सरसकट बंद करण्याची गरज नाही. दहा वर्षांतून एक मात्रा, तीही हवेतून कमी नत्र येणाऱ्या उत्तर भागातील मध्यम प्रतीच्या, आधीच लाकडासाठी राखलेल्या जमिनीवर, ओढ्यापासून अंतर राखून आणि बोरॉनसह दिली, तर त्यातून होणारे नुकसान मर्यादित आणि लाभ खरा आहे. शैवाकाच्या जमिनी, पाणथळ कडा आणि कधीच नांगर किंवा करवत न लागलेली जंगले यांना तिने शिवू नये. सरकारी पैसा द्यायचाच असेल तर तो खताच्या पोत्यावर न देता तुळईवर द्यावा, म्हणजे जे लाकूड इमारतीत जाऊन बसले त्याच्या घनमीटरवर, आणि त्यातला ठराविक हिस्सा नोर्लिडेनसारखे प्रयोग पुढची पन्नास वर्षे चालू ठेवण्यासाठी बाजूला काढावा. खत घालण्याआधी सामी गावाची संमती लेखी असावी. नुसती ‘चर्चा झाली’ अशी नोंद पुरेशी नाही, कारण ग्रामसभेच्या वहीत ‘चर्चा झाली’ याचा अर्थ काय होतो हे निदान आपल्याला तरी कोणी सांगायला नको.